लोककथांचा संग्राहक आस्ब्यर्नसेन

युरोप खंडाच्या अगदी उत्तरेस नॉर्वे नावाचा देश आहे. या देशाचा बहुतेक भाग डोंगराळ असून त्याचे डोंगर थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत येऊन भिडलेले आहेत. समुद्राचे अरुंद व खोल फाटे या डोंगरांमधून दूरवर आत शिरतात. त्यांना तेथील लोक फ्योर्ड असे म्हणतात. डोंगरांच्या उतारांवर सूचिपर्णी वृक्षांची घनदाट अरण्ये आहेत. तेथील हिवाळा दीर्घ आणि कडक असतो. देशाच्या उत्तर भागात तर भर हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्याचे दर्शनच होत नाही.

पूर्वी विजेचे दिवे नव्हते, आगगाड्या नव्हत्या. शेतकऱ्यांची घरे एकमेकांपासून लांब लांब असत आणि एकदा बर्फ पडू लागले म्हणजे या घरातील माणसाला त्या घरात जाणेही कठीण होई. अशा वेळी घरातील सारी माणसे पेटत्या चुलीभोवती जमत. बायका लोकर कातीत, पुरुष अवजारे दुरुस्त करीत आणि वृद्ध माणसे गोष्टी सांगत. बाहेर वारा अरण्यातून घोंघावत असे. त्या आवाजात ऐकणाऱ्यांना नाना प्रकारच्या अद्भुत प्राण्यांची चाहूल लागे.

त्या लोकांच्या समजुतीप्रमाणे डोंगरांच्या पोटात ट्रोल राहत. ट्रोल म्हणजे प्रचंड देहाचे, कुरूप आणि मंदबुद्धीचे राक्षस. काहींना तीन तीन डोकी असत. सूर्याचा किरण अंगावर पडताच ते फुटून जात किंवा त्यांचा दगड होई. टेकड्यांच्या खाली हुल्द्रा नावाची गुप्त जमात नांदे. या जमातीतील तरुणी रूपाने फार सुंदर असत, परंतु वस्त्राखाली गाईसारखे शेपूट लपविलेले असे. उन्हाळ्यात गुरे घेऊन उंच कुरणांवर एकट्या राहणाऱ्या गौळणींना हुल्द्रांच्या गाईंच्या घंटा ऐकू येतात, असे म्हणत. तळ्यांत व नद्यांत नोक्क दबा धरून बसे. तो कधी देखणा पांढरा घोडा होऊन काठावर चरे आणि जो कोणी मोहाने त्याच्या पाठीवर बसे, त्याला घेऊन तो पाण्यात बुडी मारी. समुद्रावर बुडून मेलेला कोळी द्राउग बनून अर्ध्या तुटक्या होडीतून फिरतो आणि त्याची किंकाळी ऐकू आली की कोणाचे तरी मरण ओढवते, अशीही समजूत होती.

या सर्वांत घरगुती प्राणी म्हणजे निस्से. तो लहान मुलाएवढा उंच असून अंगात करडे कपडे व डोक्यावर लाल टोपी घाली. गोठ्यात राहून तो गुरांची काळजी घेई. त्याबद्दल नाताळच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी लोणी घातलेल्या खिरीचे भांडे गोठ्यात ठेवण्याचा प्रघात होता. एकदा त्याला खिरीवर लोणी दिसले नाही, म्हणून त्याने रागाच्या भरात घरधन्याची गाय मारून टाकली. मग खीर खाता खाता भांड्याच्या तळाशी लोण्याचा गोळा सापडला, तेव्हा त्याला फार पश्चात्ताप झाला आणि त्याने दुसरीकडून अगदी तशीच गाय आणून गोठ्यात बांधली, अशी कथा सांगतात.

अशा शेकडो कथा पिढ्यानपिढ्या मुखोद्गत चालत आल्या होत्या. त्या कोठेही लिहिलेल्या नव्हत्या. सांगणारी वृद्ध माणसे मरण पावली की त्यांच्याबरोबर त्या कथाही जात. त्यांचा नाश होऊ नये म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत पेतर क्रिस्तेन आस्ब्यर्नसेन याचे नाव अग्रगण्य आहे.

पेतरचा जन्म 15 जानेवारी 1812 रोजी नॉर्वेच्या राजधानीत झाला. त्या शहराला त्या वेळी क्रिस्तियानिया म्हणत. आज ते ऑस्लो या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत याकोब व विल्हेल्म ग्रिम या बंधूंनी संकलित केलेल्या लोककथांचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्याच ग्रंथाचा आदर्श पेतरने पुढे आपल्यासमोर ठेवला, हा एक विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

पेतरचे वडील खिडक्यांना काचा बसविण्याचा धंदा करीत. घरची स्थिती बेताचीच होती. वडिलांच्या हाताखाली काम करणाऱ्या कारागिरांकडून निरनिराळ्या प्रांतांतील गोष्टी लहानग्या पेतरच्या कानी पडत. तो त्या मोठ्या आवडीने ऐके. शाळेतील पाठांतरात मात्र त्याचे मन रमत नसे. रानात भटकावे, ओढ्याकाठी गळ टाकून बसावे, पक्षी आणि किडे निरखावे, यातच त्याला खरा आनंद वाटे. अखेर वडिलांनी 1826 साली त्याला शहरापासून दूर, रिंगेरिके प्रांतातील नूर्देरहोव्ह या गावी शिक्षणासाठी पाठविले. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी तेथे करून घेत असत.

परीक्षेच्या दृष्टीने या मुक्कामाचा पेतरला फारसा लाभ झाला नाही. परंतु तेथेच त्याला त्याच्या आयुष्याचा सोबती भेटला. त्याचे नाव यर्गेन मू. यर्गेन हा त्याच प्रांतातील एका शेतकऱ्याचा मुलगा होता आणि पेतरपेक्षा वर्षाने लहान होता. पेतर आनंदी, बोलका व धिप्पाड, तर यर्गेन शांत, विचारी आणि कविमनाचा. दोघांचे स्वभाव इतके भिन्न असूनही त्यांची मैत्री सख्ख्या भावांच्या प्रेमासारखी दृढ झाली. दोघे मिळून अरण्यांतून हिंडत आणि शेतकऱ्यांच्या घरी बसून जुन्या कथा ऐकत.

यर्गेन 1830 साली विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला. पेतरला मात्र त्यासाठी 1833 साल उजाडावे लागले. विद्यापीठात नाव घातले, तरी खर्चाला पैसा नव्हता. म्हणून तो रुमेरिके प्रांतात जाऊन मुलांना शिकवू लागला. सुमारे चार वर्षे त्याने ही खाजगी शिक्षकाची नोकरी केली. ती वर्षे वाया गेली असे कोणालाही वाटले असते. पण पेतरने त्या अवधीत खेड्यापाड्यांतून ऐकलेल्या कथा वहीत टिपून ठेवण्यास आरंभ केला होता. पुढे तो राजधानीत परतला आणि वैद्यकाचा अभ्यास करू लागला. तो अभ्यासही पुरा झाला नाही. प्राणिशास्त्राकडे त्याचे मन अधिकाधिक ओढ घेऊ लागले.

त्या काळी नॉर्वेची स्थिती कशी होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. चारशेहून अधिक वर्षे हा देश डेन्मार्कच्या राजाच्या सत्तेखाली होता. 1814 साली तो संबंध तुटला आणि नॉर्वेने स्वतःची राज्यघटना तयार केली. परंतु लगेच त्याला स्वीडनच्या राजाचे आधिपत्य पतकरावे लागले. इतक्या दीर्घ परसत्तेमुळे देशात लिहिण्याची भाषा डॅनिश होऊन बसली होती. कचेरीत, शाळेत, चर्चमध्ये, पुस्तकांत सर्वत्र तीच. खेड्यांतील लोकांच्या तोंडी मात्र नॉर्वेच्या निरनिराळ्या बोली नांदत होत्या. या बोली म्हणजे अडाण्यांची भाषा आणि त्यांच्या कथा म्हणजे अडाण्यांच्या कल्पना, असा पुष्कळ सुशिक्षितांचा समज होता. आपल्या देशाजवळ स्वतःचे म्हणावे असे काही आहे की नाही, हाच प्रश्न त्या पिढीपुढे उभा होता.

पेतर आणि यर्गेन यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. ग्रिम बंधूंचे पुस्तक त्यांनी वाचले होते आणि जर्मनीत जे झाले ते नॉर्वेतही व्हावे असे त्यांना वाटू लागले होते. दोघांनी आपापले संग्रह एकत्र करून प्रसिद्ध करण्याचे ठरविले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. पहिली अडचण कथा मिळविण्याची. शहरातून आलेल्या शिकलेल्या माणसासमोर खेडूत सहसा मन मोकळे करीत नसत. आपली टिंगल होईल अशी त्यांना भीती वाटे. पेतरला मात्र गळ खांद्यावर टाकून ओढ्याकाठी जाण्याची जन्माचीच सवय. तो गिरणीवरच्या म्हाताऱ्या मजुराजवळ बसे, शिकाऱ्यांबरोबर रानात जाळाभोवती रात्र काढी. कबरी खणणाऱ्यांशी व झाडपाला देणाऱ्या म्हाताऱ्यांशीही तो गप्पा मारी. तो कोणाच्या समजुतीला हसत नसे. त्यामुळे लोक त्याच्याशी आपलेपणाने बोलत.

दुसरी अडचण भाषेची होती. कथा शुद्ध डॅनिश भाषेत लिहावी, तर तिचा सारा रस नाहीसा होई. बोलीत लिहावी, तर दर खोऱ्याची बोली निराळी, म्हणून एका खोऱ्यातील कथा दुसऱ्या खोऱ्यातील माणसाला नीट समजत नसे. या पेचातून दोघा मित्रांनी मोठ्या कुशलतेने मार्ग काढला. शब्दांचे लेखन त्यांनी प्रचलित पद्धतीचेच ठेवले. परंतु वाक्यांची ठेवण, म्हणी आणि घरगुती शब्द हे सर्व खेड्यातल्या चुलीजवळ ऐकले तसे घेतले. त्यामुळे कथा छापील असूनही ती कोणी समोर बसून सांगत आहे, असे वाचणाऱ्याला वाटू लागले.

पहिली पुस्तिका 1841 साली निघाली. तिच्यावर संग्राहकांची नावेही नव्हती आणि मुखपृष्ठही नव्हते. त्यानंतर 1844 सालापर्यंत आणखी भाग प्रसिद्ध झाले. या संग्रहाचे नाव नॉर्वेच्या लोककथा. तीन बोकडांची प्रसिद्ध गोष्ट याच संग्रहातली आहे. हिरव्या कुरणाकडे जाण्यासाठी तीन बोकडांना एक पूल ओलांडायचा होता आणि पुलाखाली एक भयंकर ट्रोल राहत होता. धाकट्याने त्याला मधल्याची वाट पाहावयास सांगितले, मधल्याने थोरल्याची. जास्त मोठे भक्ष्य मिळेल या हावेने ट्रोल थांबून राहिला आणि शेवटी आलेल्या थोरल्या बोकडाने शिंगांनी त्याचा फडशा पाडला. या संग्रहातील दुसरा लोकप्रिय नायक म्हणजे अस्केलाद. तीन भावांतील हा धाकटा. चुलीतील राख उकरीत बसणारा म्हणून सारे त्याला हिणवीत. परंतु वाटेत भेटलेल्या भिकाऱ्याशी तो गोड बोले, इतरांनी तुच्छ मानलेली वस्तू उचलून जवळ ठेवी आणि प्रसंग आला की त्याच वस्तूच्या साहाय्याने ट्रोलवर मात करी. ज्या देशाला इतर देश दुबळा समजत होते, त्या देशातील लोकांना हा धाकटा भाऊ फार जवळचा वाटला, यात नवल नाही.

काही विद्वानांना ही भाषा ग्राम्य वाटली. परंतु सामान्य वाचकांनी पुस्तकाचे मनापासून स्वागत केले. स्वतः याकोब ग्रिम याने या संग्रहाची प्रशंसा केली. 1852 साली त्याची नवी आवृत्ती निघाली आणि तिला यर्गेनने विस्तृत प्रस्तावना जोडली. 1859 साली जॉर्ज वेब डेसंट याने केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि या कथा जगभर गेल्या. यर्गेन पुढे धर्मोपदेशक झाला व बिशपच्या पदापर्यंत चढला. त्यामुळे संग्रहाचे काम बहुतांशी पेतरवरच येऊन पडले.

दरम्यान पेतरने एकट्याने आणखी एक पुस्तक सिद्ध केले होते. हुल्द्रांच्या कथा व लोकांमधील दंतकथा यांचा हा संग्रह 1845 व 1848 साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. यात त्याने केवळ कथाच सांगितल्या नाहीत. त्या कोणत्या ठिकाणी, कशा माणसांच्या तोंडून निघतात, त्या वेळी रान कसे दिसते, याचीही जिवंत चित्रे त्याने रेखाटली. याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पेर गिंट नावाच्या शिकाऱ्याच्या दंतकथा आल्या आहेत. त्यांच्या आधारे हेन्रिक इब्सेन या थोर नाटककाराने 1867 साली आपले विख्यात काव्यनाट्य रचले.

या पुस्तकात एका मंत्रतंत्र करणाऱ्या म्हातारीचे चित्र आहे. एका आईचे मूल अशक्त होत चालले आहे. ती नवऱ्याला नकळत म्हातारीला घरी बोलावते. म्हातारी शिसे वितळवून पाण्यात ओतते आणि पाण्यात जो आकार बनतो, त्यावरून आजाराचे कारण सांगते. त्या काळी हुल्द्रा आपले रोगट मूल ठेवून माणसांचे निरोगी मूल पळवून नेतात, अशीही समजूत होती. तिच्यापायी आजारी बालकांचे फार हाल होत. आज आपल्याला माहीत आहे, की मुडदूस हा रोग ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो आणि जेथे सूर्यप्रकाश थोडा, तेथे त्याचे भय अधिक असते. पेतरने वैद्यकाचा अभ्यास केला होता. शिशाच्या आकाराने रोग बरा होत नाही, हे तो जाणून होता. तरीही त्याने त्या म्हातारीला कुचेष्टेचा विषय केले नाही. त्या आईची व्याकुळता आणि त्या म्हातारीचे दारिद्र्य त्याने वाचकांपुढे जसेच्या तसे ठेवले. लोकांना भीती का वाटते, ते समजून घेतल्याशिवाय ती भीती दूर करता येत नाही, हे त्यावरून कळून येते.

कथासंग्रहावर पेतरचे पोट भरणे शक्य नव्हते. शिवाय शास्त्राची ओढ होतीच. इसवी सन 1846 पासून पुढे काही वर्षे त्याने नॉर्वेच्या फ्योर्डांमधील जलचरांचा अभ्यास केला. हाही प्रदेश दंतकथांनी भरलेला होता. या समुद्रात क्राकेन नावाचा अजस्र प्राणी राहतो, तो पाण्यावर आला की बेटासारखा दिसतो आणि खाली गेला की मोठा भोवरा उठतो, असे कोळी सांगत. बर्गेन शहराचा बिशप पोंटोपिडान याने तर अठराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन केले होते. पेतरने ऐकीव वर्णनावर विसंबून न राहता स्वतः होडीत बसून तळाचा शोध घेतला. लोखंडी चौकट लावलेले जाळे दोराने खाली सोडून ते तळावरून ओढीत नेण्याची रीत त्याने वापरली.

1853 साली हार्डांगर फ्योर्डमध्ये असेच जाळे शेकडो फूट खोल पाण्यातून वर आले, तेव्हा त्यात एक अपूर्व प्राणी सापडला. तो तारामाशाच्या जातीचा होता. परंतु नेहमीच्या तारामाशाला बहुधा पाच भुजा असतात, याला लांब व सडपातळ अशा अकरा होत्या आणि त्याचा रंग तेजस्वी तांबडा होता. शास्त्रज्ञांना या प्राण्याची तोवर माहिती नव्हती. त्याला नाव देण्याचा मान पेतरकडे आला. उत्तरेकडील प्राचीन पुराणांत फ्रेया नावाच्या देवतेचा ब्रीसिंग नावाचा झळाळता अलंकार सांगितला आहे. लोकी या कपटी देवाने तो चोरला, अशी कथा आहे. समुद्राच्या अंधाऱ्या तळातून वर आलेले ते लखलखते रत्न पाहून पेतरला त्या अलंकाराची आठवण झाली आणि त्याने प्राण्याचे नाव ब्रीसिंगा असे ठेवले. प्राणिशास्त्रात हे नाव आजही रूढ आहे. क्राकेन काही त्याच्या जाळ्यात आला नाही. परंतु दंतकथेइतकेच अद्भुत असे सत्य मात्र हाती लागले.

पुढे सरकारने त्याला वनविद्या शिकण्यासाठी जर्मनीतील थारांट येथे पाठविले. तेथून आल्यावर 1860 साली त्याची वनाधिकारी म्हणून नेमणूक झाली. ज्या अरण्यांत त्याने ट्रोलच्या आणि हुल्द्रांच्या कथा ऐकल्या होत्या, त्या अरण्यांचे रक्षण करणे हेच आता त्याचे कर्तव्य ठरले. काही वर्षांनी जळणासाठी दलदलीतील पीट या इंधनाचा उपयोग वाढविण्याचे काम त्याच्याकडे सोपविण्यात आले. 1876 साली निवृत्त होईपर्यंत त्याने सरकारी सेवा केली. याच काळात, 1861 साली, चार्ल्स डार्विन याचा नवा सिद्धांत नॉर्वेच्या वाचकांना समजावून सांगणारा लेखही त्याने लिहिला. मूळ ग्रंथ प्रसिद्ध होऊन त्या वेळी अवघी दोन वर्षे झाली होती.

एका बाबतीत मात्र त्याच्याकडून लोकांच्या अनुभवाची उपेक्षा झाली. 1864 साली त्याने टोपणनावाने पाकशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. खेड्यातील बायका पिठाची खीर शिजत आली की तीत वरून आणखी कोरडे पीठ घालीत. कच्चे पीठ पचत नाही, म्हणून ते वाया जाते, अशी टीका त्याने केली. आयलर्ट सुंट या समाजाच्या अभ्यासकाने त्याला विरोध केला. बायका असे का करतात, ते त्यांनाच विचारले पाहिजे, त्यांच्या दीर्घ अनुभवाला काही तरी कारण असणार, असे त्याचे म्हणणे होते. या वादाने साऱ्या देशात खळबळ उडाली. पुढील काळातील अभ्यासकांनी सुंटच्या म्हणण्यात तथ्य असल्याचे मान्य केले. ज्या बायकांच्या तोंडच्या कथा पेतरने इतक्या आदराने ऐकल्या, त्यांचे पाकज्ञान त्याने तितक्या लक्षपूर्वक ऐकले नव्हते. विद्वान मनुष्यही कोठे चुकू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

उतारवयात पेतर पुन्हा आपल्या कथांकडे वळला. 1879 साली त्याच्या कथांची सचित्र आवृत्ती निघाली. त्या वेळेपासून एरिक व्हेरेनशोल्ड, थिओडोर किटेलसेन अशा तरुण चित्रकारांनी या कथांसाठी चित्रे काढली. किटेलसेनने काढलेले केसाळ, लांब नाकाचे आणि अंगावर झाडे उगवलेले ट्रोल इतके प्रसिद्ध झाले, की आज नॉर्वेतील मुले ट्रोल म्हटले की तेच रूप डोळ्यांसमोर आणतात.

पेतरने विवाह केला नाही. त्याचा बालमित्र यर्गेन 1882 साली वारला. त्यानंतर तीन वर्षांनी, 5 जानेवारी 1885 रोजी, राजधानीतच पेतरचे देहावसान झाले. त्याच्या मागे कथासंग्रहाचे कार्य यर्गेनचा पुत्र मोल्टके मू याने पुढे चालविले. दोघा मित्रांनी मिळून लावलेले रोप असे दुसऱ्या पिढीने वाढविले.

या कथांचा परिणाम केवळ मनोरंजनापुरता राहिला नाही. आपली बोली पुस्तकात शोभून दिसते, हे नॉर्वेच्या लोकांना या संग्रहामुळे कळून चुकले. पुढील लेखकांनी तीच वाट धरली आणि हळूहळू डॅनिश लेखनभाषेचे रूप पालटून ती नॉर्वेची भाषा झाली. 1905 साली नॉर्वे पूर्ण स्वतंत्र झाला. त्या दिवसापर्यंत या कथांवर वाढलेल्या दोन पिढ्या तयार झाल्या होत्या. आजही ऑस्लो येथील सांक्त हान्सहाउगेन या उद्यानात आस्ब्यर्नसेनचा पुतळा आहे. पन्नास क्रोनरच्या नोटेवरही नॉर्वेने त्याचे चित्र छापले होते.

ट्रोल आणि नोक्क खरे आहेत, असे आता कोणी मानीत नाही. पेतरही मानीत नव्हता. परंतु खोल तळ्याजवळ मुलाने एकटे जाऊ नये, ही आईची काळजी नोक्काच्या कथेत साठविलेली आहे. मुक्या जनावरांची सेवा करणाऱ्यास त्याचा वाटा द्यावा, ही जाणीव निस्सेच्या खिरीत आहे. हावेने शहाणपण नष्ट होते, हे पुलाखालचा ट्रोल शिकवितो. लोकांच्या समजुती बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहाव्या, रोगावर औषधच घ्यावे आणि समुद्राचा तळ जाळे टाकूनच तपासावा. मात्र पूर्वजांनी त्या समजुतींत गुंफून ठेवलेली कल्पनाशक्ती, भाषा आणि माया यांचा अव्हेर करू नये. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला साधता येतात, हे आस्ब्यर्नसेनच्या चरित्रावरून दिसून येते.